अडणारी कुत्री

आबा, आज इथं सांगलीत शेजारीण मला सांगत होती, आंधळ्याला वाट दाखवणारं कुत्रं म्हणे हुकमाचं ताबेदार लागतं. ताबेदार? डोंबल! म्हटलं, माझ्या आबांना विचारा. मग आठवलं, तुम्हांला जाऊन तीस वर्षं झाली, आणि तिच्यावरचा राग सगळा तुमच्यावर आला.

पलटणीत तुम्ही कुत्री शिकवायचात. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगानं डोळे गेले. पुढच्या वर्षी माणच्या माळावर, मेंढक्याच्या तळावर मी तुम्हांला हाताला धरून नेलं. लोक पिल्लाची नखं मोजतात. वीस भरली की कुत्रं जहाल. तुम्ही मला पिल्लांमागं परात आपटायला लावलीत. एक भुंकत सुटलं, दोन पळाली. एक दचकली, आणि माघारी येऊन परात हुंगायला लागली. "हीच," तुम्ही म्हणालात. मेंढका हसला. "आवं फौजी, कुत्री कशाला? ह्यो वीस नखांचा गडी न्ह्या की." "चावणारं नको मला. भ्यालं तरी माघारी येणारं पायजे."

वर्षभर तिला शिकवलंत. कोंबडी दिसली तरी ढळायचं नाही, भाकरी पडली तरी वाकायचं नाही. एकदा दहिवडीच्या वाटेवर ती मधेच आडवी उभी राहिली. "चल" म्हणालात, हलेना. काठी घातलीत, कण्हली, पण हलेना. मी मागून धावत आले तर पुढं नवा खणलेला पुरुषभर चर! तुम्ही तिथंच बसून तिला कुशीत घेतलंत. मग गावभर सांगत सुटलात, "सांगितल्यालं कुणीबी ऐकतंय. चुकीचा हुकूम मोडतंय, ते खरं कुत्रं."

आणि मी? नववीत होते. आष्ट्याचं, उसाच्या मळ्याचं स्थळ आलं तेव्हा म्हणाले, आबा, मॅट्रिक होऊ द्या. "बापाला उलटून बोलतीस व्हय गं?" सगळ्या सोयऱ्यांदेखत! कुत्री अडली तर शहाणी, पोरगी अडली तर उद्धट? हा कुठला न्याय हो? उभा जन्म मळ्यात पाचट ओढलं मी. चिडून लिहितेय, लिहू द्या.

हे टपालात टाकायचं नाहीच. पण एक सांगते. तुम्हांला आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचे. स्थळ आलं त्याच आठवड्यात शाळेतल्या बाईंचं पत्र आलं होतं, पोरगी हुशार आहे, एवढ्यात लग्न करू नका, म्हणून. तुम्ही विचारलंत, "कुणाचं गं?" मीच बाईंना लिहायला लावलं म्हणाल, म्हणून भ्याले. "पेन्शनीचं," म्हणाले आणि चुलीत घातलं.