नावेत माणसं किती

३ जून
पोचले एकदाची! ॲडलेडहून दोन दिवस गाडी हाकली, मागे नाव, तोंडात माश्या. पण समोर लेक एअर, एरवी कोरडं पडलेलं ते मिठाचं तळं, भरलेलं! कोरड्या मिठावर पाणी, पाण्यावर पेलिकन. माझ्या नवऱ्यानं, क्लिफनं, आयुष्यभर याची वाट पाहिली. दरवर्षी नावेला रंग द्यायचा आणि म्हणायचा, यंदा फक्त वर क्वीन्सलँडात धो धो पाऊस पडू दे, तिथलंच पाणी इथवर येतं. पडला मेला, पण क्लिफ गेल्यावर. म्हणून त्याची नाव, त्याचा कॅमेरा घेऊन मीच आले.

४ जून
काठावरच्या छावणीवर डेस नावाचा म्हातारा वायरलेस घेऊन बसतो. पाण्यात उतरताना प्रत्येक नावेनं आपल्या वायरलेसवरून त्याला आत माणसं किती ते कळवायचं. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, दोघं. दुरुस्त करायला हवं होतं. नाही केलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पाणी जेमतेम गुडघाभर. नाव सारखी चिखलात रुतते, मग एकानं उतरून ढकलायची. दुपारी मी बूट काढतेय तोवर आपोआप सुटलीसुद्धा.

६ जून
कॅमेऱ्यात एक फोटो सापडला. नावेच्या पुढच्या टोकाला बसून मी मागे वळून हसतेय. मागून कुणी काढला? नावेत तर मी एकटीच.

भ्यायला हवं होतं. मी मात्र आनंदानं रडले. परतल्यावर डेस चिडवायला लागला, काय, आज जोडी भलतीच खुशीत! म्हणजे त्यालाही दिसतो माझा क्लिफ.

८ जून
रोज फोटो निघतात. रोज मी त्यांत फिकट. कालच्या फोटोत माझ्या अंगातून पेलिकन दिसत होते. आजच्यात टोकाला कुणीच नाही. मी तर तिथेच बसले होते.

९ जून
वारा पडलाय. पाणी कुठलं, आभाळ कुठलं, कळत नाही. तो ढकलतोय. आत, आणखी आत. म्हटलं, पुरे रे आता, घरी लेक वाट बघतेय. ऐकत नाही. मागे वळून बघवत नाही —

डेसला खरं सांगून टाकते. क्लिफ, माफ कर —

सांगितलं. मी एकटीच आहे, नवरा गेलाय माझा. मोठ्यानं पहिल्यांदाच म्हटलं हे. ढकलणं थांबलं.

वायरलेसवर डेसचा आवाज. दुसऱ्याच कुणाशी बोलतोय, इथे ऐकू येतंय. म्हणतोय, बस क्लिफ, चहा घे आधी. एवढा चिखल तुडवत चालत आलास? आणि बायको गेली म्हणजे? कधी रे?

क्लिफचाच आवाज. हुंदके देतोय. असा कधीच रडला नव्हता. म्हणतोय, तळं भरायच्या आधीच गेली, डेस. लेक म्हणते, बाबा, घरी या. रिकाम्या घरात कसा जाऊ —

ओरडतेय मी. क्लिफ, इथे आहे, अरे इथे —

डेस म्हणतोय, नुसती खरखर येतेय, बंद करतो.

नको, बंद नको करू देऊस त्याला, क्लिफ, मी —