शेवटच्या कलमातली आई

किहीम, ता. अलिबाग
३ डिसेंबर २०२४

चि. सुयश यास,
अनेक आशीर्वाद. हे सवयीने लिहिलं गेलं, पण खोडत नाही.

मी ठीक आहे. वाडीतली सुपारी उतरवायला सुरुवात झाली. आपला गडी हरेश्वर घड उतरवतो आणि दर वेळी तुझी चौकशी करतो. मी सांगते, तो आता कोर्टातच भेटतो.

मी फोन उचलत नाही म्हणून तू शेजारच्या कमळला माझी खबर काढायला पाठवलंस. तिने तुला कळवलं असेलच, काकू धडधाकट आहेत. फोन मुद्दाम उचलत नाही. गुरुवारी संध्याकाळी तू जे बोललास ते पुन्हा ऐकायची इच्छा नाही, आणि ते इथे लिहिणारही नाही.

तुझे तात्या गेले आणि वर्षाच्या आत तू वाडीला मुंबईचं गिऱ्हाईक आणलंस. अनुयाने वाटपाचा दावा ठोकला. कायद्याने सगळ्याच वारसांना त्यात ओढावं लागतं, म्हणून मी प्रतिवादी क्रमांक दोन. बहीणभावांची दोन वर्षं जुंपली होती, मी मूग गिळून बसले. मग कळलं की तडजोड झाली. मला बरं वाटलं रे. गुरुवारी कोर्टात येताना डब्यात दोघांसाठी घावन घेऊन आले होते.

तू म्हणालास, फक्त सही करायची आहे, वाचत बसू नकोस. पण चष्मा मी नेलाच होता. वाडीचे वाटे दोन, एक तुझा, एक अनुयाचा. माझा हक्क मी म्हणे राजीखुशीने सोडला. आणि शेवटच्या कलमात मी, सहा महिने मुलाकडे, सहा महिने मुलीकडे. आपली विहीर शेजाऱ्यांशी सामाईक, एक दिवस त्यांचं पाणी, एक दिवस आपलं. तशी पाळी लावलीत माझी. त्यातही पावसाळ्याचे महिने कोणाचे यावर तुमचं घोडं अडलेलं. पावसात माझे गुडघे धरतात, जिने चढवत नाहीत, तेव्हा पावसाळा दोघांनाही नको.

तडजोडीसाठी कोर्टाने नेमलेल्या मध्यस्थ बाईंना मी विचारलं, वाटे तीन हवेत ना? त्यांनी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "आई, तुला वेगळा वाटा कशाला? तू आहेस ना शेवटच्या कलमात."

अनुया रडायला लागली. तिलाही मी सुनावलं की याच कागदावर तुझी सही आहे, तेव्हा डोळे पूस. या पत्राची एक प्रत तिला जाते आहे. तिने स्वतःला साळसूद समजू नये.

मी सही केली नाही. तू तडक उठून मांडव्याची बोट गाठलीस. मला घरी कोण सोडणार, हे तुझ्या डोक्यातही आलं नाही. मी एसटीने आले. घावन हरेश्वरने खाल्ले.

लिहिणार नव्हते, पण आता लिहितेच. संध्याकाळी फोनवर तू म्हणालास, "तुझं डोकं ठिकाणावर नाही. डॉक्टरचा दाखला काढतो आणि तुझा पालक म्हणून मीच सही करतो."

ज्याचा शेंबूड मी पदराने पुसला, तो माझा पालक होणार. सुयश, मला राग आला आहे, आणि तो उतरावा असं मला वाटत नाही.

काल अलिबागला जाऊन मी स्वतःचा वकील केला. मला एक तृतीयांश वाटा हवा, घर आणि विहिरीतल्या हक्कासकट. पाण्याशिवाय तुझं गिऱ्हाईक वाडीकडे ढुंकूनही बघणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच विहीर मागितली. या पत्राची दुसरी प्रत वकिलांकडे दिली आहे. डोकं फिरलेली बाई कशी लिहिते ते न्यायाधीशांनाही कळू दे.

डॉक्टर आणायचा तर खुशाल आण. पण मागच्या पडवीतून, स्वतःचं घर असल्यासारखा शिरू नकोस. त्याला घेऊन पुढच्या दाराशी ये, कडी वाजव आणि बाहेर थांब. उघडायचं की नाही ते मी ठरवीन.

तुझी आई
(हे नातं कुठल्याच कलमाने सुटत नाही, दुर्दैव तुझंही आणि माझंही)
अनुसूया