आकाशाआधीची धाव

२२ फेब्रुवारी, देवपूर

सिद्ध करावयाचे ते असे : पाठीवर इंजिन आणि डोक्यावर कापडी पंख घेऊन जमीन सोडणे ही धाडसाची नव्हे, क्रमाची गोष्ट आहे, आणि जो क्रम बुद्धीला कळतो तो सहासष्टाव्या वर्षी अंगालाही शिकवता येतो.

विरुद्ध पक्ष : नाना, धाकटा भाऊ. आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलेल्या बाईला हे शोभत नाही, असे त्याचे म्हणणे. 'शोभत नाही' हा तर्कातला हेतू, म्हणजे कारण, होऊ शकत नाही, हे त्याला सांगितले. तो म्हणाला, "वावर मनं शे, पन हाडकं तुना शेतस." म्हणजे शेत दिले, हाडांची जबाबदारी माझी. हरभरा निघाला आहे, जमीन मोकळी आहे.

गुडघ्याचे डॉक्टर : "या वर्षी पळा. पुढच्या वर्षाचं मी लिहून देणार नाही." म्हणून याच वर्षी.

१ मार्च, माहेरचे गाव

पहिला धडा. प्रशिक्षिका ऋतुजा, जामनेरची, तिशीची. पुढे 'ऋ.' लिहीन. सूर्य उगवायच्या सुमारास तिची जीप बांधावर आली. इंजिनाला आज हात नाही, नुसता पंख. जमिनीवर धनुष्यासारखा पसरायचा, दोऱ्या सोडवायच्या, त्याच्याकडे पाठ करून पुढे चालायचे, म्हणजे तो मागून फुगत वर येतो.

माझा पंख वर आला, डावीकडे कलला आणि शेजारच्या वावरात उपटायच्या राहिलेल्या पऱ्हाट्यांवर जाऊन पडला. कपाशीच्या त्या वाळक्या काड्यांतून दोऱ्या सोडवण्यातच सकाळ गेली.

नाना बांधावरून : "अक्का, बगळा धरी ऱ्हायनी का?"

ऋ. हसली. मी हसले नाही. नंतर घरी येऊन थोडी हसले.

९ मार्च

पंख आता डोक्यावर उभा राहतो. मी सारखी वर पाहते, म्हणून ऋ. रागावली. "मॅडम, एकदा बघा, खात्री करा, मग समोर बघा. बाकीचं हातांना कळतं."

मान्य. स्पर्श हेही प्रत्यक्षच. डोळ्यालाच प्रमाण मानायची सवय पुस्तकांनी लावलेली.

दोऱ्यांचा ताण दोन्ही खांद्यांवर सारखा आला की पंख नीट आहे. आज तो सारखा आला. फार वेळ नाही. पण आला.

१५ मार्च

वारा जास्त. पंख उघडलाच नाही. भावजयीकडे चहा, भरीत-भाकरी. परत.

२२ मार्च

इंजिनासह पहिली धाव. क्रम पाठ होता : पंखाच्या दोऱ्या जोडलेल्या पुढच्या पट्ट्या धरून ठामपणे चालू लागणे, पंख डोक्यावर येताच पट्ट्या सोडणे, ब्रेकच्या दोऱ्या ओढून त्याला जरा आवरणे, एक नजर वर, मग इंजिनाचा जोर वाढवत, अंग ताठ ठेवून, पळत राहणे.

सगळे झाले. जोर वाढला. जमीन पायांखालून दूर गेली आणि मी उडाले, असे मला...

पडले. पाठीवर, इंजिनाच्या चौकटीसकट. इंजिनाच्या पंख्याचे पाते तुटले. कोपर सोलले. डोके शाबूत.

ऋ. धावत आली, आधी इंजिन, मग मला तपासले. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही बसलात."

मी म्हणाले, बसले नाही. उचलली गेले होते. अंगाला बांधलेल्या बैठकीचा पट्टा सैल होता, म्हणून खाली आले.

"पट्टा मी स्वतः आवळला होता."

"मग नीट आवळला नव्हता."

हे नानासमोर म्हणाले. ती पात्याचे तुकडे गोळा करू लागली.

नाना : "बठ्ठं गाव दखी ऱ्हायनं, अक्का. बस व्हयनं आते." सगळे गाव पाहत होते, हे खरे.

२३ मार्च, देवपूर

कोपर दुखते. माझे अनुमान पुन्हा मांडले : पाय आणि जमीन यांतले अंतर वाढले. अंतर वाढणे म्हणजे वर जाणे. म्हणून मी वर गेले होते.

दोष सापडत नाही. ऋ.चा फोन नाही.

३० मार्च

ऋ.चा फोन आला. नवे पाते बसवले. पट्ट्याविषयी एक शब्द नाही. फक्त म्हणाली, "आखाजीपर्यंतच येईन मी. त्यानंतर सकाळपासूनच जमिनीतून गरम हवा उसळते, नवख्याला उडवणार नाही. आणि मॅडम, धाव पूर्ण झाल्याशिवाय इंजिनाचा पूर्ण जोर मी देऊ देणार नाही."

हे रास्त आहे. मला रुचले नाही, पण रास्त आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जेमतेम तीन आठवड्यांवर.

५ एप्रिल

पुन्हा धाव. या वेळी पट्टा मी स्वतः आवळला, दोनदा तपासला. इंजिन निम्म्या जोरावर. पंख नीट, नजर समोर, अंग ताठ. पुन्हा जमीन दूर गेली, पुन्हा आपटले. या वेळी गुडघ्यांवर.

पट्टा जागच्या जागी होता.

ऋ. पंखाच्या दोऱ्या सोडवू लागली. तिने बोलायला हवे होते असे वाटले.

नाना पाण्याचा तांब्या घेऊन आला. "आते सांग, पट्टा कोनी सैल करा?"

मी पाणी प्यायले. रात्री जेवताना माझ्या ताटात त्याने स्वतःहून लोण्याचा गोळा टाकला. हा त्याचा माफीनामा की सांत्वन, ठरवता आले नाही.

१६ एप्रिल, गाव

आखाजी तोंडावर. माहेरवाशिणी येऊ लागल्या. देवळामागच्या चिंचेला झोके बांधलेत, गौराईची गाणी चालू. भावजय ओढून घेऊन गेली. नको म्हणत झोक्यावर बसले. लहानपणी मी या झोक्यावरून उतरत नसे.

दोर धरला, दोन पावले मागे सरले. दोराने नुसती ओढ घेतली, आणि माझे पाय आपोआप पोटाशी आले.

भावजय : "अक्का, आजून मी धक्का बी दिधा नही, नि तुम्हनं इमान उडनं बी!"

बायका खदखदून हसल्या. मी झोका थांबवला. पुन्हा मागे सरले, पुन्हा सोडला. पुन्हा पाय वर. ठरवूनही राहवेना. ओढ आली की पाय घ्यायचे, हे या गावातल्या प्रत्येक मुलीच्या अंगात चालायला लागल्यापासून भिनलेले. न घेतले तर धुळीत फरफटतात.

अंतर वाढले होते, हे खरे. पण जमिनीपासून मी दूर गेले नव्हते. पाय माझ्याजवळ आले होते. एकच परिणाम, दोन कारणे, आणि मी सोयीचे कारण धरले.

पंखाने खांदे ओढले, अंगाला झोका वाटला, पाय घेतले, बसले. ऋ. पहिल्या धावेच्या दिवशी म्हणाली तेच.

१७ एप्रिल

इंजिनाशिवाय, पंखाशिवाय, नुसते हार्नेस, म्हणजे ती पट्ट्यांची बैठक, चढवून पळण्याचा सराव. ऋ. मागून पट्टे धरून वर ओढते आणि मी पाय घ्यायचे नाहीत. बांधावर माहेरवाशिणी जमल्या. एकीने विचारले, "काय व बाई, म्हैस पळवी ऱ्हायनी का?" ऋ. हसून वाकली आणि पट्टे तिच्या हातून सुटले.

सुरुवातीला दर ओढीला पाय उचलले जात. उन्हे वर येईतो कमी झाले. थांबले असे म्हणणार नाही.

१८ एप्रिल

वारा कळावा म्हणून काठीला बांधलेली फीत निश्चल. ऋ.ने पूर्ण जोर द्यायला परवानगी दिली.

पंख वर. पट्ट्या सोडल्या. नजर समोर, नानाच्या विहिरीवरच्या कडुनिंबाकडे. जोर वाढवला. खांदे ओढले गेले. पाय वर यायला पाहू लागले, येऊ दिले नाहीत. ऋ. मागून ओरडत होती, "पळा, पळा, पळा!"

पळत होते. मग पळत होते आणि खाली काही लागत नव्हते.

कडुनिंब जवळ आल्यासारखा वाटला, जोर कमी केला, पळत खाली आले, उभी राहिले. पंख मागे हळूच बसला.

"पाय सुटले होते का?" मी विचारले.

ऋ. : "सुटले होते. हातभर. आणि तुम्ही हवेत पळत होता, मॅडम."

नाना फेटा सोडून पुन्हा बांधू लागला.

हातभर म्हणजे उड्डाण का, हा प्रश्न मी आज सोडवत नाही. एकदा या विषयात घाई केली आहे.

१९ एप्रिल, आखाजी

पुरणपोळी, आमरस. ऋ.लाही जेवायला ठेवून घेतले. तिची जीप भरलेली आहे, पण पंख अजून अंगणात आहे. "उद्या पहाटे फीत बघते," म्हणाली. हो म्हणाली नाही. नाही म्हणाली नाही.

सिद्ध करावयाचे होते ते अद्याप सिद्ध झालेले नाही. अवघड आहे, एवढे मात्र सिद्ध झाले.

जेवणानंतर, जिथे आरोप केला होता त्याच वावरात, नानासमोर, पुढील मजकूर वाचून दाखवला. ऋ. म्हणाली, "राहू द्या हो मॅडम." राहू दिले नाही.

मी मान्य करते की, बावीस मार्च रोजी पट्टा सैल नव्हता. तो ऋतुजाने नीट आवळला होता. पाय मी उचलले, बसले मी, आणि पडल्यावर माझ्या अंगाची चूक तिच्या हातावर ढकलली. चूक माझी.

— सुमती