हिरवी टाकी

प्रिय बारक्या,

'प्रिय' लिहावं की नको यावर बराच वेळ पेन अडलं होतं. शेवटी लिहिलं. सवय आहे, आणि माणूस रागावला म्हणून सवयी काही सुटत नाहीत. फोन करता आला असता, पण फोनवर तू लगेच 'अगं ताई, ऐक तर' सुरू करतोस आणि मी ऐकते. लहानपणापासून हेच चाललंय. या वेळी तू ऐक.

मागच्या महिन्यात मी न कळवता कारखान्यात येऊन गेले. मिस्त्रींनी तुला सांगितलं नसावं. दार उघडल्यावर ते माझ्याकडे न बघता फरशीकडेच बघत होते, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तू नळांच्या पेट्या पोचवायला गेला होतास. माझं काम लहानसं होतं. ती मोठी कंपनी नळांवर क्रोमचा मुलामा चढवायची आपली नवी पद्धत घेणार म्हणतेय ना, त्यांना रोज वापरून जुना झालेला द्रव तपासायला हवा होता. मी म्हटलं, त्यात काय, भावाच्या टाकीतून बाटली भरून आणते.

टाकीत वाकले आणि तुझी रेघ शोधली. आठवतं ना, पहिल्यांदा टाकी भरली त्या दिवशी तू आत खिळ्याने रेघ ओढली होतीस आणि म्हणाला होतास, 'ताई, तुझं सरबत याच्याखाली गेलं की तुला हाक मारीन.' ती रेघ मला दिसेना. द्रव तिच्या वर चढला होता. बारक्या, हे मी आणि तू सोडून कुणाच्या लक्षातही आलं नसतं. हा द्रव उडून जात नाही, तेच तर त्याचं वैशिष्ट्य. तो कमी होतो तो फक्त कामाने, दर नळाला थोडा चिकटून बाहेर जातो म्हणून. आणि नुसता पडून राहिला की हवेतली ओल पीत बसतो आणि वाढतो. वाढलेली टाकी म्हणजे बसून खाणारी टाकी. घरी येऊन बाटली तपासली, तर त्यात इतकं पाणी निघालं की नळावर धड मुलामा चढलाच नसता.

पण कारखान्यातून निघण्याआधी मी कोपऱ्यातल्या फळ्यांच्या आडोशामागे गेले. बाबांची जुनी आम्लाची टाकी, जी तू भंगारात घातलीस असं मला सांगितलं होतंस, ती तिथे होती. मी बाहेरून हात लावला. कोमट होती, म्हणजे त्याच दिवशी चाललेली. आणि तिच्या पुढ्यात, उंची कमी पडते म्हणून, माझ्या डब्यांची पायरी रचलेली. दर दोन महिन्यांनी तू भर घालायला द्रव मागवायचास आणि मी रविवार मोडून तो तयार करून पाठवायचे, तेच डबे. झाकणांवरची चिकटपट्टी मी लावली तशीच होती. माझ्या डब्यांवर पाय ठेवून तू त्या टाकीत वाकत होतास. मी मिस्त्रींनी दिलेला चहा प्यायले, त्यांना बरं आहे ना विचारलं, आणि परत आले.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते. बाबांना हा द्रव पहिल्यांदा समजावला तेव्हा तू माझ्या शेजारीच बसला होतास. मी म्हटलं होतं, हे मीठच आहे बाबा, फक्त आपल्या हवेतही वितळलेलं राहणारं. वाफ नाही, वास नाही, पेट घेत नाही. अशाच द्रवांत कुठे जुनं कापड विरघळवून नवं सूत काढतात, कुठे धुराड्यातला वायू धरून ठेवतात, आणि आपण त्यात क्रोम विरघळवून नळावर चढवायचं. यातलं एक मीठ कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, असं मी सांगितल्यावर बाबा म्हणाले, 'म्हणजे जन्मभर आम्ल हुंगलं, आता कोंबडीचं खाद्य हुंगायचं.' आपण किती हसलो होतो. मी हेही सांगितलं होतं की वास नाही म्हणजे विष नाही असं समजू नका, यातले काही द्रव पाण्यात गेले तर मासे मारतात, म्हणून एक थेंब गटारात जाता कामा नये. बाबा म्हणाले, 'मला कसला वास येतोय? मला सगळ्या टाक्या सारख्याच.' त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

त्या रंगाचं तर काय कौतुक. क्रोममुळे द्रव गर्द हिरवा, आणि पाहुण्यांना वाटायचं की निसर्गाला न दुखावणारं 'हिरवं रसायन' म्हणतात ते यालाच. तू त्यांना टाकीपाशी न्यायचास, एखादा नळ बुडवून दाखवायचास, आणि निघताना प्रत्येकाच्या हातात एक चकचकीत नळ ठेवायचास. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. मी सभांमधून उभी राहून सांगत होते की प्रयोगशाळेतल्या गप्पा नाहीत या, माझा सख्खा भाऊ यावर रोजचा धंदा चालवतो. लोक टाळ्या वाजवायचे. तू पहिल्या रांगेत बसून वाजवायचास. त्या वेळी तुझ्या मनात काय चालायचं, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

आणि माझ्या स्वयंपाकघरातला नळ. 'ताई, तुझ्या टाकीतला पहिला नळ, तुझ्याच घरात हवा.' तू स्वतः बसवून दिलास, पाना हातात घेऊन, गुडघ्यावर बसून. त्याची चमक जरा जास्तच निळसर होती. आपल्या द्रवातला मुलामा थोडा काळपट येतो हे मला माहीत, कारण ते मीच शोधलं होतं. पण मी मनाशी म्हटलं, माझ्या भावाच्या हाताला गुण आहे. दिवसातून वीस वेळा मी तो नळ फिरवते. आता तो उघडायला नको वाटतं, पण भांडी तर घासावीच लागतात.

तुझी अडचण मला कळत नाही असं समजू नकोस. द्रव घट्ट आहे, काम सावकाश होतं, गिऱ्हाइकाला आरशासारखी चमक हवी असते आणि ती कालच हवी असते. मग हे मला सांगायचं होतंस. 'ताई, तुझं सरबत नापास झालं', एवढंच म्हणायचं होतं. आमच्या कामात नापास होणं रोजचं आहे, मी पुन्हा बसले असते. परक्याने फसवलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तू माझा केसाने गळा कापलास, आणि तोही इतक्या प्रेमाने की वर्षभर मला दुखलंसुद्धा नाही. बाबा गेले त्या आठवड्यात जुन्या टाकीपाशी उभा राहून, ही आता या घरात कुणाचा श्वास खाणार नाही, असं तूच म्हणाला होतास. मी म्हणायला लावलं नव्हतं.

त्या कंपनीला मी काल कळवलं की टाकी चालत नव्हती आणि मी सभांमधून सांगितलं ते खोटं होतं. कुणी खोटं बोलायला लावलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माझं नाव आता बराच काळ कुणी सभेला बोलावण्याजोगं राहिलेलं नाही. तेही चालेल.

पण एवढ्यासाठी पत्र लिहिलं नसतं. खरं सांगायचं तर मी तुझ्याशी बोलणंच बंद करणार होते. परवा फोन केला तो तू खोटं बोलतोस का एवढंच बघायला. टाकी कशी चाललीय विचारलं, तू म्हणालास, 'एकदम झकास, रोज भरलेली.' मी मुद्दाम काही बोलले नाही, आणि मग तूही गप्प झालास. बारक्या, आपण लहान असताना बाबा शेजारी झोपले की त्यांच्या नाकातून शिट्टी वाजायची. टाकीच्या आम्लाने नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पाडलं होतं, पण आपल्याला वाटायचं सगळ्यांचेच बाबा असे वाजतात. तू दाराआड उभा राहून त्या शिट्टीची हुबेहूब नक्कल करायचास आणि मी, बाबा आले म्हणून, पुस्तक उघडून बसायचे. परवा फोनवर तू गप्प होतास, आणि मला ती शिट्टी ऐकू आली. बारीक, दर श्वासाला. या वेळी तू नक्कल करत नव्हतास. पायरी एकट्या तुझ्या उंचीची होती आणि टाकी दिवसा निवत आलेली; कामगार यायच्या आधी पहाटे तू एकटाच ती टाकी चालवतोस, दुसऱ्या कुणाच्या नाकात ते जाऊ नये म्हणून, हे मला न विचारताही कळलं. तुला माफ केलेलं नाही, ते कधी होईल माहीत नाही. शनिवारी सकाळी नाकाच्या डॉक्टरांकडे तुझी वेळ घेतली आहे. मी त्यांच्या दाराशी उभी असेन. बोलणार नाही, पण असेन.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई