बिनसहीचं पत्र

५ जुलै १९८८, दोंडाईचा

परत आली! जळगावच्या दिवाळी अंकाकडे पाठवलेली कथा, बरोबर तीन आठवड्यांत. सोबत संपादकांच्या हातची चिठ्ठी – 'भाषेवर आपली हुकमत आहे. पण माणसं दिसत नाहीत.' अठरा वर्षं हायस्कुलात मराठी शिकवतोय. चार कथा छापून आल्यात. आणि माणसं दिसत नाहीत म्हणे!

संध्याकाळी सुमन दवाखान्यातून आपल्या गुडघ्याचं औषध घेऊन आली. तिच्याकडून कळलं – त्याच अंकानं भाईदासची गोष्ट घेतली. भाईदास म्हणजे दवाखान्यातला कंपाउंडर. मॅट्रिकला दोनदा बसला, दोनदा नापास. पुड्या बांधतो, बाटल्यांत मिक्श्चर ओततो. त्याची घेतली.

जेवलो नाही. पोट बिघडलंय असं सांगितलं.

९ जुलै

सुमननं भाकरी थापता थापता भाईदासची अख्खी गोष्ट सांगितली. डॉक्टर नरडाण्याहून गाडीनं येतात आणि गाडीला रोज उशीर. तोवर बसलेल्या पेशंटांना हा आपलं लिहिलेलं वाचून दाखवतो. गोष्ट एवढीच – एक सून स्टेशनच्या नळावर पाणी भरते. डोक्यावर घ्यायच्या आधी भरलेला हंडा जरा टेकवावा म्हणून उभ्या गाडीच्या पायरीवर ठेवते, आणि गाडी सुटते. हंडा गेला. मग ती येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या गार्डाला हंड्याचं विचारत राहते, आणि घरी सासू बोलत राहते.

यात काय आहे? पण सुमन सांगता सांगता थांबली आणि तिनं पदरानं डोळे पुसले. धूर गेला असेल म्हणावं, तर स्टोव्हला कसला धूर.

माझ्या चारही कथा घरात आहेत. तिनं एकही पुरी वाचलेली नाही. आज विचारलंच. म्हणाली, "मला त्यात शिरताच येत नाही हो."

१५ जुलै

अर्धी किरकोळ रजा टाकून दवाखान्यात गेलो. खोकल्याचं निमित्त. बाकावर बारा-चौदा माणसं, कोणाच्या पायाला पट्टी, कोणाला थंडीताप. भाईदास स्टुलावर बसून तीच हंड्याची गोष्ट वाचत होता; अंकानं घेतली तरी याची दुरुस्ती चालूच. आवाज काही खास नाही. उच्चार तर नकोच बोलायला.

सून सासूला उलटून बोलते, तिथं आला. लांबलचक भाषण. बाजारात भाजी विकणारी भिकुबाई हात बांधून बसली होती, तिनं मध्येच अडवलं – "हाई सून खोटी शे. सासूसमोर इतलं बोलस का कोनी?"

लोक हसले. मी असतो तर वही मिटून आत गेलो असतो. हा वाद घालीना, रुसेना. उलट तिलाच विचारलं, मग काय करी ती? भिकुबाईनं जरा विचार केला. म्हणाली, काही नही, दुसरा हंडा उचलीसन पानीले जाई. आणि यानं कानावरची पेन्सिल काढली, सरळ आठ ओळींवर रेघ मारली. आठ ओळी! मी आठ ओळींना आठवडा घालवतो.

सर्वात वाईट हे, की भिकुबाईचं बरोबर होतं. मला ते भाषण चांगलं वाटलं होतं.

आणखी एक. पाऊण तास मी खोकलोच नाही. कोणाच्या लक्षात आलं नसावं.

१७ जुलै, रविवार

माझी परत आलेली कथा सुमनला वाचून दाखवली. दुसऱ्या पानावर तिला झोप लागली. दमते बिचारी. पण दवाखान्यात बरी जागी असते.

२४ जुलै

सुमन आता गुडघा दुखत नसतानाही औषधाला जाते.

२ ऑगस्ट

शाळेच्या कामासाठी धुळ्याला गेलो होतो. काम बारापर्यंत आटोपलं. परतीची बस धरली नाही. स्टँडजवळच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेलो आणि जळगावच्या संपादकांना पत्र टाईप करून घेतलं. दोन पानी. की आपण स्वीकारलेली हंड्याची गोष्ट सदर लेखकाची नाही, आमच्या भागात बायकांच्या तोंडी ती पूर्वीपासून चालत आलेली आहे, लेखकाला स्वतःचं असं काही सुचत नाही. पुढं गोष्टीतल्या कच्च्या जागाही दाखवल्या, एकेक करून. एवढं मन लावून मी वर्षभरात काही लिहिलं नव्हतं.

टाईप करणाऱ्या बाईंनी विचारलं, सही कुठं करणार? म्हटलं, नको.

पेटीत टाकलं. बसमध्ये खिडकीशी बसलो आणि फार बरं वाटलं. लिहायचं नाही म्हणत होतो, पण इथं तरी खोटं कशाला – फार बरं वाटलं.

३ ऑगस्ट

आज बरं वाटत नाही. पेटीत पडलेलं पत्र परत मिळतं का? पोस्टापर्यंत गेलो. एक आंतर्देशीय घेऊन परत आलो.

१२ ऑगस्ट

गोष्ट थांबवली. सुमननं सांगितलं. जळगावहून भाईदासकडे खुलासा मागवलाय. तो आता दवाखान्यात वाचत नाही. लोक नुसते बसून असतात, भिंतीवरच्या पोलिओच्या चित्राकडे बघत. सुमन म्हणाली, ज्यानं कोणी केलं त्याचं भलं होणार नाही. मी मान हलवली.

२१ ऑगस्ट, रविवार

दुपारी भाईदास घरी आला. काखेत कागदांची चळत, सुतळीनं बांधलेली. उंबऱ्याबाहेरच उभा. म्हणाला, सर, खुलासा लिहायचा शे. मला जमत नाही. तुम्ही लिहून द्या.

माझ्याच पत्राचं उत्तर मी लिहायचं! त्या पत्रात काय होतं हे तो बोलला नाही. मीही विचारलं नाही. आत ये म्हटलं.

पुरावा म्हणून त्यानं सगळे खर्डे आणले होते. औषध कंपन्यांच्या जाहिरातीच्या पाठकोऱ्या कागदांवर हंड्याची गोष्ट – एकदा नाही, नऊ वेळा. समासात पेन्सिलीनं बारीक खुणा. 'इथं तोतारामनानाला जांभई.' 'इथं बठ्ठा लोक हसले, मी हसवायला लिहिलं नव्हतं.' 'सुमनवहिनी इथं गप्प झाल्या. हात लावू नये.'

चार वाजेपर्यंत वाचत बसलो. पहिला खर्डा अगदी टाकाऊ. शाळेत असता तर मी पाच मार्क दिले असते. दुसऱ्यात सासू जरा माणसात आली. चौथ्यात कुणा म्हातारीनं सांगितल्यावरून गार्डाला दोन मुली मिळाल्या. सहाव्यापासून सून बोलायची कमी होत गेली. नवव्यात ती फक्त गाडीकडे बघते, आणि मला तिचं तोंड दिसलं. मला! अठरा वर्षं मुलांना पात्रचित्रण शिकवतोय. ते होताना आज पहिल्यांदा पाहिलं, तेही ज्याच्या तोंडचा घास काढायला निघालो त्याच्या कागदांवर.

आणि तरी – वाचता वाचता काय वाटत होतं? हेवाच. या समासांचा. माझ्या कथेत कुठं जांभई येते, हे मला कधी कोणी सांगितलंच नाही. मी विचारलंच नाही.

खुलासा लिहिला. दीड पान. भाईदासनं ऐकला आणि म्हणाला, वहिनींना वाचून दाखवू का? सुमन चहा घेऊन आली, उभ्यानंच ऐकलं. तिसऱ्या वाक्याला म्हणाली, "थांबा. हे भाईदासभाऊ बोलताहेत की तुम्ही?"

दीड पानाच्या सात ओळी झाल्या. सातही चांगल्या.

४ सप्टेंबर

नवीन लिहायला घेतलं. शाळेतल्या शिपाई तात्यांवर, ते सुट्टीतही घंटा द्यायला येतात त्यावर. रोज एक पान सुमनला वाचून दाखवतो. ती कांदे चिरत ऐकते. सुरी थांबली की मी खूण करतो. भराभर चालली की तेव्हाही करतो. आज तिनं विचारलं, तात्यांची बायको कुठं आहे? मला माहीत नव्हतं. खरंच, कुठं आहे?

१८ सप्टेंबर

दवाखान्यात पुन्हा वाचन सुरू. सुमन पहिल्या बाकावर. मला अजून आवडत नाही ते.

११ ऑक्टोबर

जळगावहून भाईदासला कार्ड – खुलासा पोचला, खर्डे पाहिले, गोष्ट घेत आहोत. तो पेढे घेऊन शाळेत आला. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, सरांमुळे झालं. पेढा हातात धरून बसलो.

१६ ऑक्टोबर

आज सांगायचंच म्हणून दवाखान्यात गेलो. फार गर्दी होती. खोकल्याचं औषध घेऊन आलो.

१२ नोव्हेंबर

अंक आला. भाईदास स्वतः घेऊन आला, सुमन माहेरी होती. मी उभ्या उभ्या पानं उलटली. बाडातला नववा खर्डा मला जवळजवळ पाठ होता. हा तो नव्हता. ज्या ज्या जागांवर मी धुळ्याच्या पत्रात बोट ठेवलं होतं, त्या सगळ्या दुरुस्त केलेल्या.

मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, संपादकांनी ते पत्र तेव्हाच मला पाठवलं होतं, सर. तुमच्या चारही कथा मी वाचल्या शेत. "इतलं लांब वाक्य दोंडाईचामा दुसरं कोन लिखस?"

म्हणजे त्या रविवारी दारात उभा होता, तेव्हा त्याला माहीत होतं.

मग माझ्याकडेच का आलास, विचारलं. तो चपला घालत होता.

"माझं लिखेल इतलं बारीक आजलोंग कोनी वाचेल नव्हतं, सर."