रोमची चाल

सेंट गॅलसच्या सणाचा दुसरा दिवस

सगळ्यांत आधी आला तो ठेंगणा, खेचरावर बसून, नाक पुसत. मागून दोघे उंच, पायी. आमच्या मठात रोमचे गवई आलेत! राजाचा हुकूम आहे म्हणे, सगळ्या मुलखात स्तोत्रं एकाच चालीवर. मला इथं येऊन चारच महिने झाले. घरचे सगळे गेले, तेव्हा मठाच्या मोठ्या आईंनी मला स्वयंपाकघरात ठेवून घेतलं. माझी नात इमा इथंच गाते, म्हणजे मला तर स्वर्गच! लिहायलाही तिनंच शिकवलं, या मेणाच्या पाट्यांवर. माझं अक्षर बघून म्हणते, आजी, ही अक्षरं आहेत की बदकं गं? पाहुण्यांना सलगमाचा रस्सा वाढला. ठेंगण्यानं तीनदा मागून घेतला.

सेंट ल्यूकचा दिवस

शिकवणी बघून आले. इथं गाणं कुठं लिहून ठेवत नाहीत, सगळं पाठ. बायकांची दहा-दहा वर्षं जातात. हे रोमवाले मात्र एका दुपारीत स्तोत्र देतात. तोंडाजवळ तोंड नेऊन एकेक ओळ आत सोडतात, फुंकर घातल्यासारखी. मुख्य गायिका सिस्टर लिउटगार्ड, तिला म्हटलं, जुनी चाल विसरशील हो. तर फणकारली, चाळीस वर्षं गातेय मी, तुम्ही आपले सलगम बघा आजी! ठेंगणा हसला. म्हणाला, नवं ठेवायचं तर जागा करावीच लागते.

सेंट सायमनचा दिवस

पाहुणे पुढच्या मठाला गेले. सेंट मार्टिनच्या दिवशी परत येऊन राहिलेल्यांना शिकवणार. राहिलेल्यांत माझी इमा. तिला पडसं झालं होतं. लिउटगार्ड आता काय सुंदर गाते! आज तिची सख्खी बहीण भेटायला आली, तर हिनं अदबीनं विचारलं, आपण कोण? मला हसू आलं. बहिणीला नाही आलं.

सर्व संतांचा सण

सात जणी झाल्या तशा. गाणं बिनचूक. नाव विचारलं की थांबतात — ओळीच्या मध्ये श्वासापुरतं थांबतात तसं — आणि मग गायलाच लागतात. मोठ्या आईंना सांगायला गेले. त्या गोड बघत गुणगुणत राहिल्या. इमाच्या कानांत लोकर कोंबली. माझ्याजवळून हलू नकोस म्हटलं. पोर तेवढी शाबूत आहे.

सणानंतर आठवा दिवस

कणीक मळत होते. इमा माझ्या ओठांकडे बघून पांढरीफटक पडली. म्हणाली, आजी, तू काय गातेयस? मी कुठं — मला तर कुणी शिकवलंच नाही — नुसतं भिंतीपलीकडून, रोज, रोज —

मार्टिनच्या सणाचा आदला दिवस

धाकट्या लेकाचं नाव सकाळपासून शोधतेय. इमा. इमा माझी नात. लिहून ठेवलं. उद्या ते यायच्या आत तिला घेऊन तळ्यापलीकडे —

सेंट मार्टिन

छान ऊन पडलंय. दारात एक पोर गाठोडं घेऊन उभी आहे. रडते, हात ओढते, आजी चल म्हणते. गोड आहे. कुणाची कोण जाणे. कानांत लोकर भरलीय बिचारीच्या, काढते हळूच. पाहुणे परत येणार म्हणाले होते तो दिवस आजच. फाटकाशी गातायत, तिलाही ऐकू दे —