बारा मानाची हाडं आणि एक सर्जन

५ फेब्रुवारी, सकाळी
ठरलं. मी सर्जन होणार. गावात डॉक्टर नाही. दवाखान्यात एकटी नर्सताई, तुर्दुकान एजे, इंजेक्शनं देते, आणि तीही आता थकली. एप्रिलमध्ये नारीन शहरातल्या मोठ्या इस्पितळातून एक डॉक्टर शाळेत येणार, परीक्षा घेणार आणि एकाला उन्हाळाभर इस्पितळात शिकायला नेणार. जागा एकच. त्या एकाचं नाव एल्दियार. पांढरा कोट शिवायला टाकला.

६ फेब्रुवारी
तुर्दुकान एजे म्हणाली, दवाखान्यात येत जा, रक्तदाब मोजायला शिक, जमलं तर फरशी पूस. फरशी! काकांची झीबेक गेली लगेच. पुसू दे. दहावीतली पोर, तिला काय कळतं.

९ फेब्रुवारी
जीवशास्त्र उघडलं. पान चार. हाडांची चित्रं फिकट.
मग एकदम सुचलं. पुस्तक हवंय कशाला? आमच्याकडे प्रत्येक मेजवानीत अख्खी मेंढी समोर येते. बारा मानाची हाडं, वयाप्रमाणे कुठलं कुणाच्या ताटात जायचं हे मला लहानपणापासून पाठ. शहरातल्या पोरांनी डोकं आपटलं तरी त्यांना हे मिळणार नाही. कुणाला सांगायचं नाही.

२१ फेब्रुवारी
आठवड्यात तीन मेजवान्या. अभ्यास जोरात. फासळ्या दोनदा मोजल्या, तेरा जोड्या.
कोट आला. बटण लागत नाही. शिंप्यानं कापड खाल्लं.

४ मार्च
केमिस्ट्री सोमवारपासून.

१२ मार्च
केमिस्ट्री नूरोझनंतर. सणाच्या तोंडावर नवं काही सुरू करू नये.
म्हातारे केरिम आजोबा घोड्यावरून पडले. एजेबरोबर झीबेक धावली, त्यांच्या फासळ्या चाचपल्या, कुठली मोडली ते बरोबर सांगितलं म्हणे. मी तेव्हा शेजारच्या गावात लग्नाला होतो, खांद्याच्या हाडाचा अभ्यास चालू होता. संध्याकाळी भेटली तर म्हणते, दादा, माणसं कधी बघणार तू? म्हटलं, आधी पाया पक्का करतोय. फिदीफिदी हसली. हसेल बापडी.

२ एप्रिल
आई म्हणाली, निदान पुस्तक तरी चाळ. आईला शास्त्र कळत नाही.

१८ एप्रिल, दुपारी
परीक्षा झाली. डॉक्टरनं सांगाड्याच्या कमरेच्या हाडावर बोट ठेवलं. मी ताडकन म्हणालो, सगळ्यांत वडीलधाऱ्यांचं! वर्ग हसला. मांडीचं त्याच्या खालच्या मानाचं, तेही सांगितलं. माणसाला फासळ्यांच्या जोड्या किती? तेरा. डॉक्टरनं विचारलं, कुठे मोजल्यास? म्हटलं, स्वतःच्या हातांनी, सतरा वेळा. तो शांतपणे म्हणाला, मेंढीच्या शेपटीची चरबी तेवढी सांगायची राहिली.
झीबेक बारा म्हणाली. मग त्याचा रक्तदाब मोजून त्यालाच सुनावलं, जास्त आहे, मीठ कमी करा.
परीक्षेची पद्धतच चुकीची. इथल्या माणसाला इथले प्रश्न विचारायला हवेत.

२० एप्रिल
झीबेक जाणार. उद्या सकाळच्या गाडीनं.
काकांनी मेंढी कापली. हाडं मी वेगळी केली, एकही सांध्याबाहेर कापलं नाही. सगळे वाहवा म्हणाले. डोकं केरिम आजोबांच्या पुढ्यात गेलं. त्यांनी कान कापला आणि मोठ्यानं हाक मारली, एल्दियार, घे रे. कान लहान पोरांना देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. सगळ्यांसमोर खाल्ला. शेजारी त्यांचा सहा वर्षांचा नातू बसला होता, त्याला दुसरा. फार लागलं मनाला. झीबेक मात्र हसली नाही. म्हणाली, दादा, एजेकडे माझी जागा रिकामी आहे.
फरशी पुसायची जागा. मी? शक्य नाही.

२१ एप्रिल, सकाळी
गाडी गेली. घरी येऊन अंगातला कोट काढला आणि स्वतःच्या फासळ्या मोजल्या. बारा.
परत मोजल्या. बाराच.
तेरावी चरबीखाली असणार.